४ जीबी रॅमवाला पीसी भंगारात? थांबा जरा

सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: विंडोज १० बंद झालं, ४ जीबी किंवा त्याहून कमी रॅमवर आता कुठलीच नवीन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) चालत नाही, रॅम ७० टक्के भरलेली दिसली की मशीन संपलं समजा, भंगारात द्या नाहीतर विंडोज ७ टाका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, एवढं खरं. पण विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टने मागितलेली कमीत कमी रॅम ४ जीबीच आहे की! जुनी मशिनं अडतात ती टीपीएम २.० (सिक्युरिटी चिप) आणि मायक्रोसॉफ्टला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीवर. (अर्थात ४ जीबीत ११ वापरणं म्हणजे संध्याकाळी दादरला विरार फास्ट पकडणं, आत शिराल पण हलायला जागा नाही.)

"कुठलीच ओएस चालत नाही" हे तर साफ चूक. विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ओएस म्हणजे लिनक्स, तिचे बरेच प्रकार आहेत. त्यातलं लिनक्स मिंट २ जीबीवर चालतं, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, अँटीएक्स हा प्रकार तर त्याहून हलका. वर झेडरॅम आहे, म्हणजे रॅममध्ये नुसता पडून असलेला डेटा हार्डडिस्कवर फेकण्याऐवजी तिथेच दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवायचा, बऱ्याचदा तो निम्म्याहून कमी जागेत बसतो आणि मशीन हँग होणं पुष्कळ कमी होतं. हे २०१४ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे आणि फेडोरा या लिनक्समध्ये २०२० पासून आपोआप चालू असतं. खरी अडचण जुन्या ३२ बिट प्रोसेसरवाल्यांची, डेबियन या लिनक्सने १३ व्या आवृत्तीत त्यांचा इन्स्टॉलरच बंद केला.

रॅम भरलेली दिसते कारण रिकामी रॅम ओएस फाइल कॅशला (वापरलेल्या फाइल्स हाताशी ठेवायला) वापरते, लागली की सोडते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये free -h टाइप करा आणि 'फ्री' नाही, 'अव्हेलेबल'चा आकडा बघा. ते रॅम क्लीनर अ‍ॅप तर काढूनच टाका.

आणि विंडोज ७? १० ला अपडेट नाही म्हणून ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला ते टाकायचं, हे कुठलं लॉजिक? क्रोमसुद्धा १०९ वर थांबलंय त्यावर. नेटबँकिंग करणार त्यातून?

हां, १ जीबीवर आजचा ब्राउझर म्हणजे वैताग, तिथे मेसेज बरोबर आहे. रॅम खातो तो ब्राउझर, ओएस नाही. २ जीबीत दोन-चार टॅब, बस.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनी रॅम शोधायला जाणार असाल तर स्टिक डीडीआर३ की डीडीआर३एल (कमी व्होल्टेजवाली), लॅपटॉपची की डेस्कटॉपची ते बघून जा. त्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून बघा, थोडं स्लो वाटेल पण इन्स्टॉलचं बटण दाबेपर्यंत काही पुसलं जात नाही, वायफाय आणि प्रिंटर चालतोय का तेही कळेल.