‘आईने उत्तर दिले तर बिघडले कुठे?’

सप्रेम नमस्कार. मुलांच्या अनिवार सवयींवरील माझ्या लेखावर आपण फोंड्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, त्याबद्दल आभार. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या मुलाने चार वेळा हात धुतले म्हणून त्याला रुग्ण ठरवणे अन्यायाचे आहे, आणि घाबरलेले मूल तोच प्रश्न पुन्हा विचारते तेव्हा आईने उत्तर टाळावे हा सल्ला निष्ठुर आहे, असे आपले म्हणणे आहे.

पहिला आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. केवळ किती वेळा हात धुतले यावरून काही ठरत नाही, हे खरे. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना हातपाय धुऊन यायला सांगितले की एक मूल धुऊन येते आणि खेळायला पळते. दुसरे धुतल्यावर नळाला हात लागला म्हणून पुन्हा धुते, आणि माटोळीच्या फळाला आपला हात लागला, आता घरावर संकट येणार, या धास्तीने जेवत नाही. संस्कार दोघांवर तेच आहेत. दुसऱ्याचे रोजचे तास-दीड तास यातच जात असतील किंवा शाळा, झोप, खेळ यांत अडथळा येत असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे नको ते विचार आणि तीच ती कृती यांचा आजार (ओसीडी), आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी ठामपणे असहमत आहे. हात धुतल्यावर भीती ओसरते, म्हणून धुण्यानेच आपण वाचलो असे मूल शिकते. न धुताही ती काही वेळाने आपोआप उतरली असती, हे अनुभवण्याची संधी त्याला मिळतच नाही. ‘आई, काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला मिळणारे ‘नाही रे’ हे उत्तरही धुण्याचेच काम करते. घटकाभर बरे वाटते, मग नवी शंका येते, आणि आईचे उत्तर त्या चक्राचाच भाग होऊन बसते.

याचा अर्थ एके दिवशी अचानक गप्प बसावे असा नव्हे, आणि रागावणे किंवा हात धरून ठेवणे तर मुळीच नव्हे. मूल शांत असताना त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने, सर्वांत सोप्या भीतीपासून आरंभ करावा. ‘तुला भीती वाटते आहे हे मला दिसते, आणि तू ती सोसू शकशील असा मला विश्वास आहे,’ एवढे म्हणावे. आजीलाही हे ठाऊक हवे. नाहीतर आईने न दिलेले उत्तर मूल आजीकडून मिळवते! भीतीला सामोरे जाऊन कृती रोखण्याची ही पद्धत मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये मांडली. 7 ते 17 वयोगटातील 112 मुलांवरील 2004 च्या अमेरिकी अभ्यासात अशा वर्तनोपचाराला सर्ट्रालीन या औषधाची जोड दिल्यावर सर्वांत चांगला परिणाम दिसला. औषध अर्थात मनोविकारतज्ज्ञानेच द्यायचे.

नखे खाणाऱ्या मुलाच्या बोटांना कडुनिंबाचा रस लावावा, असे आपण सुचवले आहे. त्या सवयीमागे बहुधा अशी भीती नसते. तेथे बोट तोंडाकडे जाते आहे हे मुलाला स्वतः ओळखायला शिकवून त्या क्षणी मूठ आवळायला लावणे मला अधिक योग्य वाटते.

हे सारे घरच्या घरीच निभवावे, असे मी म्हणत नाही. बांबोळीला आयपीएचबी हे मनोविकार रुग्णालय आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. लक्षणे एक-दोन दिवसांत अचानक उफाळली, किंवा मुलाने खाणे सोडले, तर घरचे प्रयोग बाजूला ठेवून त्याला त्वरित बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.