खट् की टक्?

लोक गाडीत गाणी ऐकतात, मी गाडी ऐकतो. म्युझिक सिस्टिम एकदम भारी आहे, दारादारात स्पीकर आहेत, पण ती कायम बंद, कारण ती लावली की खालून काय वाजतंय ते कळत नाही आणि ते कळलं नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. बायको शेजारी बसून तिच्या ऑफिसातलं काहीतरी महत्त्वाचं सांगत असते आणि मी मध्येच हात वर करतो, "थांब थांब, आत्ता ऐकलंस? डावीकडून. खट्." ती म्हणते खट् नव्हतं, टक् होतं. मग आम्ही तोच खड्डा परत बघायला यू-टर्न मारतो. सिंहगड रोडला गटाराच्या एका विशिष्ट झाकणावरून मी इतक्या वेळा गेलोय की तिथला ऊसाचा रसवाला आता मला ओळख दाखवतो.

तर गाडी. जर्मन आहे, लांब व्हीलबेसवाली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, २०१० च्या आसपासची, आधी एका बिल्डरकडे होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही, तिने ही गाडी मालक मागे बसून पेपर वाचेल आणि पुढे पगारी ड्रायव्हर असेल असं धरूनच बनवली. माझ्याकडे मालकही मी आणि ड्रायव्हरही मी, त्यामुळे मागचं सगळं सुख रिकामंच फिरतं. नवी असताना कोटीच्या घरात होती, मला एका साध्या हॅचबॅकच्या पैशात मिळाली. गाडीची किंमत पडते हो, पार्टची पडत नाही. पार्ट अजून कोटीच्याच गाडीचे.

पहिलं निदान आमच्या वॉचमननं केलं. सकाळी खाली उतरलो तर म्हणाला, "साहेब, गाडी बसलीये." बघतो तर खरंच, मागचं डावं चाक कमानीत गडप. म्हैससुद्धा बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, ही मागून बसली होती. बटण दाबलं, डिकीखालून घुंऽऽऽ असा आवाज आला आणि गाडी हळूहळू, उपकार केल्यासारखी वर आली. मला वाटलं वा, काय टेक्नॉलॉजी आहे.

टेक्नॉलॉजी अशी की मागे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबराचे दोन फुगे असतात. डिकीत चार बॅगा टाका नाहीतर सासुरवाडीची सगळी मंडळी बसवा, सेन्सर बघतो गाडी दबली, कॉम्प्रेसर हवा भरतो, गाडी परत लेव्हलला. फार छान. फक्त रबर ते रबर, दहा-बारा वर्षांत घडीच्या जागी चिरा पडतात, हवा रात्रभर हळूच निसटते, मग कॉम्प्रेसर ती भरत बसतो, हवा जातेय आणि हा भरतोय, आणि तासन् तास चालायला तो बनवलेलाच नसतो म्हणून एक दिवस तोही जळतो. म्हणजे फुग्याचं दुखणं अंगावर काढलं की फुगा अधिक कॉम्प्रेसर अधिक त्याला चालू-बंद करणारा रिले असं बिल येतं. सुभाष मेस्त्रींनी बाटलीत साबणाचं पाणी घेऊन फुग्यावर फवारलं, टॉर्च मारला आणि मला खाली वाकायला लावलं. घडीच्या आत बारीक बारीक बुडबुडे येत होते, एकामागून एक, अगदी निवांत. "ही बघा साहेब, पैसे इथून चाललेत."

अधिकृत वर्कशॉपमध्ये भाव विचारला. तिथे आधी कॉफी देतात, मग कोटेशन, हा क्रम का आहे ते आकडा बघितल्यावर कळलं. एका फुग्याच्या आणि मजुरीच्या पैशात बरी अवस्था असलेली जुनी ऑल्टो आली असती, आणि तिच्या स्प्रिंगा कुठे जात नाहीत. मग नाना पेठ पालथी घातली, तिथे मॉडेलचं नाव सांगितल्यावर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे नुसता मायेनं बघत राहिला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने जुना काढलेला फुगा दाखवला, तो माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होता. शेवटी दिल्लीच्या कश्मिरी गेटचा एक माणूस फोनवर सापडला, तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओरिजनल जैसा" म्हणायचा. "जैसा" हा शब्द तो फार हळू म्हणायचा एवढंच.

आलेला फुगा बसला, गाडी उभी राहिली, आणि मागचं शांत झाल्यामुळे पुढचं ऐकू यायला लागलं. तेच ते खट्. या गाड्यांना पुढे एका बाजूला एक साधा लोअर आर्म, म्हणजे चाक खालून धरून ठेवणारा दांडा, नसतो, दोन-दोन असतात, शिवाय वरचा वेगळा, शिवाय लिंक रॉड, आणि प्रत्येकाच्या टोकाला एकतर बुश नाहीतर बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारा सांधा. बुश म्हणजे मुठीएवढं रबर, पण बऱ्याच ठिकाणी ते एकटं विकतच मिळत नाही, आख्खा आर्म घ्या म्हणतात. लोक काय करतात, खट् वाजलं की पहिले शॉकअप बदलतात, कारण शॉकअप माहीत असतो. माझं मत विचाराल तर आधी लिंक रॉड बघा, मग बुश, मग जॉइंट, आणि शॉकअपला हात सगळ्यात शेवटी. खिसा वाचतो.

आणि एक गोष्ट मेस्त्रींकडून शिकण्यासारखी. आर्म बसवल्यावर त्यांनी बोल्ट नुसते हातानं लावून ठेवले, कचकून आवळले नाहीत. गाडी जॅकवर असताना चाक लोंबतं, त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर बुश तसाच जखडतो आणि गाडी खाली आली की त्याला कायमचा पीळ बसतो, मग नवा बुश सहा महिन्यांत फाटतो आणि आपण पार्टला शिव्या देतो. म्हणून गाडी चाकांवर उभी करून, अंगावर तिचं वजन असताना, मेस्त्री पाठीवर झोपून खाली सरपटत गेले आणि मग पान्याचा कुर्र कुर्र आवाज आला. चांगला मेस्त्री ओळखायचा तर तो बोल्ट कधी आवळतो ते बघावं.

यापुढचा भाग कुणाला खरा वाटत नाही. आर्म बदलले की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन परत जुळवून घेणं, करावं लागतं, आणि आमच्या गाडीच्या कागदात लिहिलंय की अलाइनमेंट करताना पुढच्या दोन सीटवर प्रत्येकी ६८ किलो, मागच्या सीटवर मधोमध ६८ किलो, डिकीत २१ किलो वजन ठेवावं आणि टाकी फुल्ल असावी. जर्मनीत याला वाळूच्या पिशव्या वगैरे वापरत असतील. आमच्याकडे पुढे मी आणि भाचा, मागे शेजारचे देशमुख काका आणि डिकीत दळणाचे गहू, गिरणीत काट्यावर मोजून एकवीस किलो. भाचा अठ्ठावन्नचा म्हणून त्याच्या मांडीवर बॅटरी. मी किती ते विचारू नका, आम्ही सरासरी काढली. काका बरोब्बर अडुसष्ट, पण ते सकाळी उपाशीपोटी, आणि सातारा रोडला पोचेपर्यंत त्यांनी मिसळ हाणली, वर एक्स्ट्रा पाव. शिवाय ते मध्ये बसायला तयार नाहीत, मधल्या उंचवट्यावर पाय कुठे ठेवू म्हणतात, एवढ्या मोठ्या गाडीत बसायचं तर खिडकीशीच. अलाइनमेंटवाला पोरगा आधी हसला, मग कागद वाचला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, "काका, श्वास घ्या पण हलू नका." काका अर्धा तास हलले नाहीत. झोपले होते. उतरताना म्हणाले, "बैठक फार सुंदर आहे रे तुझी," आणि तेव्हापासून दर रविवारी विचारतात, आज अलाइनमेंट आहे का. गाडी ज्याच्यासाठी बनवली तो माणूस मला सापडला असं म्हणायला हरकत नाही.

आता टायर. गाडीबरोबर रनफ्लॅट आलेले. हवा पूर्ण गेली तरी ८० च्या स्पीडनं ८० किलोमीटर जाता येतं असं त्यांचं म्हणणं, कारण कडा जाडजूड आणि कडक. पण पंक्चर वर्षातून एकदा होतं आणि पुण्यातले रस्ते रोज असतात, त्या कडक कडा प्रत्येक खड्डा इमानदारीत कण्यापर्यंत पोचवतात. परत पंक्चर झालंच तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तो टायर रिमवरून काढता काढता घामाघूम. मी साधे ट्युबलेस टाकले, आणि या गाडीवर आजवर केलेला सगळ्यात शहाणा खर्च तो. आधी जे काही खडखडत होतं ते निम्मं तिथेच थांबलं. फक्त स्टेपनी ठेवायची जागाच गाडीत नाही, म्हणून डिकीत पंक्चर किट, हवेचा पंप आणि मारुतीचा फोटो.

टायर घेताना दुकानदार म्हणाला एकदम फ्रेश माल. मी रुमालानं कडेवरची धूळ पुसली, लांबट गोलात चार आकडे असतात ते शोधले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १४१९. म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. मी दुकानदाराकडे बघितलं, दुकानदारानं पंख्याकडे बघितलं. "साहेब, वापरलेला नाहीये ना पण." म्हणलं लोणचं नाहीये हे, मुरल्यावर चांगलं व्हायला. आतून दुसरे चार आले, त्यात तीन एकाच सालचे आणि एक वेगळ्याच सालचा, तोही परत पाठवला. तिथे आता मला चहा विचारत नाहीत.

भाच्याला मात्र सगळं बदलायचंय. "मामा, वीस इंची अलॉय टाकू आणि गाडी अजून एक इंच खाली घेऊ, स्टान्स बघ काय येतो." मी त्याला वहीत मांडून दाखवलं. आत्ता २४५/५० आर १८ आहे, म्हणजे रुंदी २४५ मिलीमीटर, रिम १८ इंची आणि टायरची भिंत रुंदीच्या ५० टक्के, साधारण १२२ मिलीमीटर. वीस इंचाला २४५/४० लागेल, भिंत ९८. बाहेरचा व्यास जवळपास तोच, ७०२ मिलीमीटरचा ७०४ होईल, पण खड्डा आणि रिम यांच्यामधलं जवळजवळ अडीच सेंटीमीटर रबर गायब. मग एक नीट खड्डा लागला की रिम बेंड नाहीतर टायरच्या कडेला फुगा, आणि फुगे मला आधीच दोन आहेत. खाली घ्यायचं तर सोसायटीच्या स्पीडब्रेकरचं काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला पाहिजे, आमचा उरलेल्या काँक्रीटचा आहे, उंची भरपूर आणि रुंदी हातभर. शेवटी कायदा काढला, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, सुप्रीम कोर्ट, जानेवारी २०१९, कंपनीनं दिलेल्या मूळ घडणीत मनमानी बदल चालत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तू दिल्लीचा ओरिजनल जैसा लावलास तो चालतो का?" हल्लीची पोरं फार बोलतात.

मधले काही आठवडे बरे गेले. खट् गेलं, टक् गेलं, बायकोनं ऑफिसातली एक आख्खी गोष्ट सलग सांगितली आणि मी ती ऐकली. मग वॉचमन परत भेटला. या वेळी उजवीकडून बसलीये म्हणाला. मेस्त्रींना आश्चर्य वाटलं नाही, दोन्ही फुगे एकाच वयाचे साहेब, एक गेला की दुसरा धरायचाच, तेव्हाच जोडी मागवा म्हणलो होतो. दिल्लीला फोन झाला, पैसे गेले, नीट बजावलं, उजवा, राइट, दाहिना, तिन्ही भाषांत. डावा-उजवा वेगळा असतो, एकमेकांच्या जागी बसत नाही. काल पार्सल आलं, मेस्त्रींनी गॅरेजमध्ये फोडलं आणि मला फोन केला.

"साहेब, माल एक नंबर आहे," म्हणाले. "डावा आलाय."