बसेसर राम विसरलात का?

‘दूरदर्शनच्या काळातल्या मालिकांमधले बाप आदर्श होते. घरात त्यांचाच शब्द शेवटचा. ते कधी चुकले नाहीत, कधी रडले नाहीत. म्हणून आपल्या पिढीवर संस्कार झाले.’ हा मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपांवर आला. पाठवणारे सगळे माझ्याच वयाचे, अमळनेरला एकाच टीव्हीसमोर सतरंजीवर बसून वाढलेले. म्हणून जास्त लागलं.

आदर्श म्हणता? 7 जुलै 1984 ला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, दीडशेच्या वर भाग चाललेली. तिच्यातला बाप बसेसर राम दारुडा होता. घरात पाच पोरं, ओढाताण करणारी भागवंती, आणि हा झिंगत दारात. विनोद नागपाल यांनी तो असा उभा केला की कीवही यायची आणि चीडही. भाग संपला की अशोककुमार येऊन बोलायचे. ते खंडव्यात वाढलेले, म्हणजे भुसावळच्या पुढचेच, त्यामुळे गल्लीला ते आपल्यातले वाटायचे. बसेसर राम लडखडला की आम्ही पोरं हसायचो. शेजारची एक मुलगी हसायची नाही. तिचे वडील हातभट्टीची पीत. एकदा ती हळूच म्हणाली, “आमनं घर बी असंच शे.” आपल्याच घरात हे चालतं असं नाही, हे तिला त्या पडद्याने सांगितलं. बसेसर रामला पुसून टाकलं, तर तिचं ते वाक्यही पुसलं जातं.

शब्द शेवटचा? ‘मालगुडी डेज’मधला स्वामीचा बाप आठवा. गिरीश कार्नाड. करडा वकील, पोरगं चळचळा कापायचं. धाडस शिकवायचं म्हणून त्याने स्वामीला एकट्याला ऑफिसच्या खोलीत झोपायला लावलं. रात्री चोर शिरला, आणि घाबरलेल्या पोराने त्याच्या पायाला कडकडून चावा घेतला. गावभर कौतुक झालं. पण दुसऱ्या रात्री स्वामी पुन्हा आजीजवळच झोपला, आणि आईने नवऱ्याला सुनावलं, आता त्याच्या वाट्याला जाऊ नका. शेवटचा शब्द तिचा होता.

चुकले नाहीत म्हणणाऱ्यांनी ‘महाभारत’ पाहिलं तरी होतं का? 94 भागांची ती सगळी कथा एका बापाच्या पुत्रमोहावर उभी आहे. गिरिजा शंकर यांचा धृतराष्ट्र दरवेळी ओळखतो की दुर्योधन चुकतोय, आणि दरवेळी गप्प बसतो.

एक मात्र मान्य. 1986 च्या ‘बुनियाद’मधले मास्टर हवेलीराम या मेसेजमधल्या बापाच्या जवळ जातात. जेमतेम तिशीतल्या आलोकनाथांनी ते म्हातारपणापर्यंत नेले, आणि मलाही ते फार आवडतात. पण एका हवेलीरामवरून सगळे बाप तसेच होते असं म्हणू नका. संस्काराचं तर बोलूच नका. ज्या ओट्यावर आम्ही या मालिका पाहिल्या, त्याच ओट्यावरची काही पोरं पुढे पीतच गेली.

राहिलं रडणं. ‘रामायण’मध्ये दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर. दोघं खरोखरचे नवरा-बायको. राम वनात गेल्यावर दशरथ त्याचं नाव घेत घेत प्राण सोडतो, तो रविवार मला लख्ख आठवतो. माझा मोठा भाऊ तेव्हा नुकताच सुरतेला कामाला गेला होता. कापसाचे पैसे बुडाले, म्हणून दादांनीच, म्हणजे आमच्या वडिलांनीच, त्याची शाळा सोडवून त्याला धाडलं होतं. गाडीत बसवतानाही ते त्याच्याशी धड बोलले नव्हते. दशरथ हाका मारत होता आणि दादांनी उपरण्यात तोंड घातलं. आईने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, “काही नही. डोयामा धूर गया.”

चूल केव्हाच विझली होती. त्या दुपारी त्यांनी माझ्याकडून भावाला पत्र लिहून घेतलं. पहिलं.