कंटेनर भरा, विजेचं नंतर बघू

परदेशातला मुक्काम आवरून पुण्याला परतायचं ठरलं की लोक तुम्हाला मुलांची शाळा, फ्लॅटचं लोन, पीएफ वगैरे विषयांवर सल्ले देऊ लागतात. ऐकून घ्या आणि सोडून द्या. हे प्रश्न वर्ष-दोन वर्षांत सुटतात. जन्मभर पुरेल असा प्रश्न हवा असेल, तर तिथल्या घरातली सगळी यंत्रं कंटेनरमध्ये घालून इकडे आणा. आम्ही न्यू जर्सीतून बारा वर्षांनी कोथरूडला परतलो तेव्हा आणली, म्हणून हे अधिकारवाणीनं सांगतो आहे.

आणायची का, असं कुणी विचारलंच तर एक वाक्य पाठ करून ठेवा : 'तिथल्या वस्तूंची क्वालिटीच वेगळी असते हो.' वाक्य म्हणताना मान किंचित हलवायची. यंत्राच्या पाठीवर 'मेड इन चायना' लिहिलेलं असतं ती बाजू भिंतीकडे ठेवायची, म्हणजे झालं.

आता काय आणायचं ते नीट समजून घ्या. लॅपटॉप, फोन, कॅमेरा यांच्या चार्जरवर बारीक अक्षरात '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. या वस्तू जगात कुठंही मुकाट्यानं चालतात. पिनेला दोन-अडीचशे रुपयांचा जोड लावला की काम भागतं. यात काही राम नाही. असल्या वस्तू तिथंच मित्रांना वाटून टाका. ज्यांच्यावर फक्त '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' लिहिलं असेल त्या मात्र हुडकून हुडकून घ्या : मायक्रोवेव्ह, इस्त्री, टोस्टर, वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर. जितकी जड तितकी उत्तम.

आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला विजेचे पन्नास हेलकावे) असतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण तेव्हा मार्कांसाठी होतं, आता आयुष्यासाठी आहे. हा घोळ एडिसननं १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये साधारण ११० व्होल्टनं वीज विकायला सुरुवात केली तेव्हापासूनचा. पुढे युरोपनं तांब्याच्या तारेत बचत व्हावी म्हणून व्होल्टेज दुप्पट केलं, आपण इंग्रजांच्या मागून गेलो, आणि अमेरिका आपल्या जागी राहिली. म्हणजे तुमची इस्त्री चालत नाही याला एडिसन जबाबदार आहे. सासरेबुवांनी विचारलं तर तसंच सांगा.

इस्त्रीचं गणितही सांगून ठेवतो, कारण ते मी प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. व्होल्टेज दुप्पट झालं की तापण्याची ताकद दुप्पट होत नाही, ती चौपटीकडे जाते. १२० व्होल्टवरची १२०० वॉटची इस्त्री २३० वर लावली की ती चार हजार चारशे वॉटची होते. हे ज्ञान मला नंतर मिळालं. आधी मिळाला तो उजेड. पाण्याच्या टाकीच्या निळसर प्लॅस्टिकमधून आतला नारिंगी रंग दिसला, खरं सांगतो, संध्याकाळच्या आभाळासारखा सुरेख. मग खटकन आवाज होऊन एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप बंद होणारा खटका, पडली. माझा शर्ट वाचला. शर्टाखालची चादर नाही.

डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला, पंख्याच्या जाळीजवळ, नखाएवढा लाल खटका असतो. त्यावर ११५ किंवा २३० दिसतं. हा खटका पाहू नका. कॉम्प्युटर टेबलाखाली सरकवा, वायर खोचा, बटण दाबा. फटाका वाजतो, पण दिवाळीतल्यासारखा मोकळा नाही, उशीखाली लवंगी फोडल्यासारखा दबका. मागोमाग जळक्या बेकेलाइटचा वास येतो आणि तो पडद्यांमध्ये आठवडाभर राहतो. बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, "झाला का चालू?"

एवढं झालं की घरात २३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर येतो.

याच्यासाठी तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जावं लागतं. तिथं दुकानदार तुम्हाला आपादमस्तक पाहतो आणि विचारतो, "अमेरिका की जपान?" आपल्यासारखे आणखी आहेत हे कळून फार बरं वाटतं. जपानहून आलेल्यांबद्दल तर मला आदरच आहे. तिथं व्होल्ट १००, आणि एकाच देशात टोकियोकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकानं जर्मन यंत्रं घेतली आणि दुसऱ्यानं अमेरिकन. सव्वाशे वर्षं झाली, दोघंही ऐकत नाहीत. पुण्यात नदीच्या दोन काठांवर वेगळी वीज असती तर आपण त्याच्यावर व्याख्यानमाला घेतली असती.

तर ट्रान्सफॉर्मर. दुकानात हलक्या, खिशात मावणाऱ्या 'कन्व्हर्टर' नावाच्या डब्याही मिळतात, त्यांच्यावर १६०० वॉट असं ठळक छापलेलं असतं. त्या केस वाळवायच्या यंत्रासारख्या निव्वळ तापणाऱ्या वस्तूंपुरत्या असतात. त्यांना इलेक्ट्रॉनिक सर्किटवाली वस्तू जोडली की ती वस्तू जाते आणि डबी शाबूत राहते. आम्ही खरा ट्रान्सफॉर्मर घेतला. दोन हजार वॉट, चौदा किलो, पोलादी पेटी, वर कडी. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "बॅटरी का?" मी 'ट्रान्सफॉर्मर' म्हटल्यावर त्यानं एकदा वळून मांडीकडे आणि एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मीटरपेक्षा दहा रुपये जास्त मागितले.

तो स्वयंपाकघरात ओट्याखाली बसला. लावल्या क्षणापासून गुणगुणतो. सेकंदाला शंभर कंपनं, एकच सूर, खर्ज. पाहुणे आले की आधी फ्रिजकडे बघतात, मग वर पंख्याकडे, मग एकमेकांकडे. काही काम नसलं तरी तो कोमट असतो, कारण रिकामा बसूनही थोडी वीज खातोच. सोसायटीतली मांजर हिवाळ्यात त्याच्यावर येऊन झोपते. आजवर त्याचा निर्विवाद फायदा झालेला जीव तो एकच.

शिवाय त्याला एका वेळी एकच काम सांगता येतं. मायक्रोवेव्ह चालू असताना टोस्टर लावला की एमसीबी पडते. त्यामुळे आमच्याकडे सकाळी 'मी लावतेय हं!' 'थांब, माझं व्हायचंय!' असा संवाद चालतो, पूर्वी वाड्यात नळाला पाणी आल्यावर चालायचा तसा. संस्कृती टिकते ती अशी.

ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट बदलतात. हर्ट्झ बदलत नाहीत. हे वाक्य दुकानदार पैसे घेतल्यावर सांगतो. साठ हर्ट्झसाठी बांधलेली मोटर पन्नासवर सावकाश फिरते आणि जास्त तापते, एवढं लक्षात ठेवा आणि विसरून जा. खरी गंमत घड्याळाची आहे. बऱ्याच मायक्रोवेव्हमधलं घड्याळ विजेचे हेलकावे मोजून वेळ ठरवतं. साठ हेलकाव्यांचा एक सेकंद, अशी त्याची समजूत. इथं सेकंदाला पन्नासच येतात. मग ते दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. सकाळी सहाला लावलं तर दुपारी बाराला अकरा वाजलेले असतात, संध्याकाळी सहाला चार. एक मिनिट दूध तापवायला ठेवलं की ते बहात्तर सेकंद फिरतं आणि उतू जातं.

मी आधी चिडायचो. मग हिशोब मांडला. दिवसाला चार तास, म्हणजे तीन दिवसांत बरोबर बारा तास मागे. आकडे बारापर्यंतच असल्यामुळे तिसऱ्या दिवशी वेळ पुन्हा अचूक! आणि त्याच्याही आधी, सत्तावन्न तासांनी, ते साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे न्यू जर्सीची उन्हाळ्यातली वेळ दाखवतं. सोमवारी सकाळी सहाला लावा, बुधवारी दुपारी तीनला त्यावर साडेपाच वाजलेले दिसतील. तिकडे पहाटेचे साडेपाचच असतात. मी बुधवारी तीनला स्वयंपाकघरात चहा घेऊन उभा असतो. हिला वाटतं मी बिस्किटं शोधतोय.

(मध्ये गुरुवारी लाईट गेली की सगळं शून्यावर येतं आणि पुन्हा सोमवारची वाट पाहावी लागते.)

ड्रायरच्या बाबतीत मात्र मी फसलो नाही, असं मला वाटलं होतं. पुण्यात कपडे वाळवायला यंत्र कशाला, असं विचारणाऱ्यांना 'पावसाळा' एवढंच उत्तर द्या. मे महिन्यात गॅलरीत टाकलेली चादर तासाभरात पापडासारखी होते हे कबूल करू नका. ड्रायरच्या पाटीवर १२०/२४० लिहिलं होतं. मी त्यातला माझ्या सोयीचा आकडा वाचला आणि घरात जाहीर केलं की याला ट्रान्सफॉर्मर लागणार नाही.

इलेक्ट्रिशियन आला. त्यानं प्लग हातात घेऊन उलटासुलटा केला.

"सर, याला चार पिना?"

"हो. अमेरिकेत असतात."

"फेज, न्यूट्रल, अर्थिंग. चौथी कशाची?"

मला माहीत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "सेफ्टीची."

ती सेफ्टीची नव्हती. तिकडे घरात दोन फेज तारा येतात, दोन्हींच्या मध्ये न्यूट्रल. फेज ते फेज २४०, फेज ते न्यूट्रल १२०. ड्रायरची कॉइल २४० वर तापते, पण ड्रम फिरवणारी मोटर आणि आतला दिवा १२० वरचे. आपल्याकडे ही मधली वाट नाहीच. इलेक्ट्रिशियननं एका पिनेला फेज दिली, उरलेल्या दोन न्यूट्रलला एकत्र पिळल्या आणि टेप गुंडाळली. आतला दिवा एकदा लखकन चमकून विझला. ड्रम हिसका देऊन सुटला. "पावर आहे सर याच्यात," तो कौतुकानं म्हणाला. दोन मिनिटांनी वास आला. हल्ली ड्रायरमध्ये आम्ही गोधड्या ठेवतो. कसर लागत नाही.

त्याच दिवशी त्यानं बाकीच्या प्लगांच्या गोल अर्थिंगच्या पिना हॅक्सॉनं कापून दिल्या, कारण त्या आपल्या जोडात बसत नव्हत्या. सात पिना, मोजून. त्यानंतर मायक्रोवेव्हला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. सकाळी जाग यायला कॉफीपेक्षा बरं.

वॉशिंग मशीनच्या नळीबद्दल लिहिणार नव्हतो, पण राहवत नाही. तिथली पाऊण इंची आणि इथली पाऊण इंची यांचे आटे वेगळे असतात. नळी नळावर दीड फेरा छान बसते आणि मग अडते. टेफ्लॉन टेपची तीन रिळं संपवलीत, तरी थेंब थांबत नाही. खाली बादली ठेवलीय. बादली इथलीच घेतली, ती उत्तम चालते.

टीव्हीचं थोडक्यात. २६ ऑगस्ट २०१३ पासून फ्लॅट टीव्ही करमुक्त सामानातून वगळला गेला आणि दुबई-बँकॉकहून काखेत टीव्ही मारून येणाऱ्यांचा एक सुवर्णकाळ संपला. कायमचं परतणाऱ्यांना 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची सवलत मिळते, पण तिच्यासाठी यादी करावी लागते. न्हावाशेवाला त्या यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर वर्ष आणि किंमत लिहिताना माणसाला आपल्या संसाराची किंमत प्रथमच आकड्यात दिसते. व्हॅक्यूम क्लीनर, आठ वर्षं जुना, वीस डॉलर. लिहिताना हात अडखळला. डीव्हीडी प्लेअर मात्र जरूर आणा. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे 'रीजन' नावाचे भाग पाडलेत : तिथल्या प्लेअरला रीजन एक लागतो, इथल्या तबकड्या रीजन पाचच्या. प्लेअर दर वेळी नम्रपणे सांगतो की ही तबकडी चालणार नाही. गेली पाच वर्षं आमच्याकडे एवढ्या नम्रपणे कुणी बोललेलं नाही.

बिघाड झाला तर कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा. तिथली मुलगी मॉडेल नंबर विचारते, टाइप करते आणि म्हणते, "सर, हे मॉडेल अस्तित्वात नाही." तुम्ही समोर उभे राहून त्याच्यावर हात ठेवून बोलत असता.

आता नवी बातमी. भाचीला ओहायोत एमएसला ॲडमिशन मिळाली आहे. ती इथून मिक्सर नेणार म्हणते. मी तिला सांगितलं, की बाई, ७५० वॉटचा मिक्सर तिथल्या १२० व्होल्टवर जेमतेम पाव ताकदीनं फिरतो, शेंगदाणे नुसते चालत राहतील, कूट होणार नाही. न्यू जर्सीत एडिसन नावाच्याच गावात तिकडची वीज चालणारे आपले मिक्सर विकत मिळतात, कुणाकडून तरी मागव. ती म्हणाली, "मामा, इथल्या मिक्सरची क्वालिटीच वेगळी असते." मान किंचित हलवून.

मग मी वाद घातला नाही. आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या मागे एक खटका आहे, तो फिरवला की हाच डबा १२० चे २३० करतो. विमानात एका बॅगेला २३ किलो चालतात. ट्रान्सफॉर्मर १४. काल वजनकाट्यावर मोजून पाहिलं, उरलेल्या नऊ किलोंत मिक्सर, त्याची तिन्ही भांडी आणि लसणाची चटणी बसते. मांजराची काय सोय करायची ते अजून ठरलेलं नाही.