घरच्या भट्टीतले इथेनॉल आणि गाडीची टाकी

घरी इथेनॉल तयार करून त्यावर गाडी चालवण्याचे व्हिडिओ सध्या वरचेवर पाहण्यात येतात. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालायचे, काही दिवस थांबायचे, तो द्राव तापवायचा आणि नळीतून थेंब थेंब पडणारा नितळ द्रव काडी लावून पेटवून दाखवायचा. बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात. यात खोटे असे काही नाही. पण पेटणारा द्रव हाती येणे आणि इंजिनाला मानवेल असे इंधन हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साखर विकत आणून, चूल पेटवून, रोजच्या गाडीसाठी इथेनॉल गाळण्याच्या फंदात सामान्य माणसाने पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी प्रमाणाचा विचार करू. एक किलो साखर नीट आंबली, तर व्यवहारात साधारण ०.६ लिटर इथेनॉल मिळते. द्रावातील अल्कोहोल दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास पोहोचले, की सर्वसाधारण यीस्ट त्यातच मरगळते, त्यामुळे पातळ द्रावावरच काम भागवावे लागते. म्हणजे ४० लिटरची टाकी एकदा भरण्यासाठी ६५ किलोहून अधिक साखर, दहा टक्क्यांचा सुमारे ४०० लिटर द्राव आणि गाळून झाल्यावर उरणारे ३६० लिटर आम्लयुक्त, दुर्गंधी सुटणारे सांडपाणी, एवढा सगळा पसारा घरात मांडावा लागेल. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल (मेगाज्यूल हे ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा असते, तर पेट्रोलमध्ये सुमारे ३२; म्हणजे तीच टाकी पेट्रोलच्या तुलनेत ढोबळमानाने दोन तृतीयांश अंतरच कापून देणार.

आता उष्णता. एक लिटर इथेनॉलसाठी दहा लिटर द्राव उकळीपर्यंत न्यायला जवळपास २.८ मेगाज्यूल लागतात. वाफ एकदाच थंड करून भागत नाही. चांगली शुद्धता हवी असेल, तर भांड्यावर उभी नळी, म्हणजे स्तंभ, बसवून वर गेलेल्या वाफेचा मोठा भाग पुन्हा द्रव करून त्यात खाली सोडावा लागतो, आणि तो पुन्हा उकळावा लागतो. त्यासाठी आणखी तीन मेगाज्यूल धरावेत. उघड्या आचेवर निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने निसटते, हे लक्षात घेतले, तर २१ मेगाज्यूल मिळवण्यासाठी ११-१२ मेगाज्यूल जाळावे लागतात. साखर पिकवण्याची आणि तयार करण्याची ऊर्जा यात धरलेलीच नाही. हा हिशेब एकाही व्हिडिओत मांडलेला मला दिसला नाही आणि त्याची मला खरोखर चीड येते, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

पाण्याचा प्रश्न अधिक चिवट आहे. स्तंभाच्या माथ्यावरचा तापमापक ७८.२ अंशांवर बराच वेळ स्थिर राहतो, आणि त्या वेळी बाहेर पडणारे मिश्रण वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल व उरलेले पाणी असते. या प्रमाणात द्रव आणि वाफ यांची घडण एकसारखी होते, म्हणून साध्या उकळण्याने पुढचे पाणी निघत नाही, कितीही उंच स्तंभ बांधला तरी. घरगुती साधनांनी तर ९० टक्क्यांपर्यंत मजल गेली तरी समाधान मानावे लागते. ते पेट्रोलमध्ये मिसळून वापरायचे म्हटले, तर आधी असे ९० टक्क्यांचे इथेनॉल एक भाग आणि पेट्रोल नऊ भाग काचेच्या उंच नळीत एकत्र करून पाहावे. मिश्रण दुधाळ होते, मग तळाशी एक वेगळा थर साचतो आणि दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसू लागते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल १५ अंश तापमानाला जेमतेम अर्धा टक्का पाणी सामावून घेते. इथे ते एक टक्का झालेले असते. गाडीचा इंधनपंप टाकीच्या तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्या पाणीदार थराचाच मिळणार. उरलेले पाणी काढायला तीन अँगस्ट्रॉम (म्हणजे रेणूएवढ्या सूक्ष्म) छिद्रांचे झिओलाइट हे सच्छिद्र खनिज वापरतात. पाण्याचे रेणू त्या छिद्रांत शिरतात, इथेनॉलचे मोठे रेणू बाहेर राहतात. पण भरलेले झिओलाइट पुन्हा कामाला आणायचे, तर ते दोनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. म्हणजे पुन्हा उष्णताच.

यावर ब्राझीलचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे १९७५ मध्ये इथेनॉलला इंधन म्हणून चालना देणारा प्रोआल्कोल हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली, आणि तिथे पाण्याचा अंश असलेले इथेनॉल सरळ टाकीत भरतात, हे खरेच आहे. परंतु त्या गाड्या मुळात त्यासाठीच घडवलेल्या आहेत. पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला नऊ पट. म्हणून तेवढ्याच हवेसाठी दीडपटीहून अधिक इंधन आत सोडावे लागते. साध्या पेट्रोल गाडीतले इंधनाचे प्रमाण ठरवणारे नियंत्रक एवढी दुरुस्ती करू शकत नाही. रबरी नळ्या फुगतात आणि ॲल्युमिनियमचे व जस्ताचे भाग गंजतात, ते वेगळेच.

आणि आग. इथेनॉलची वाफ साधारण १३ अंशांवरच पेट घेण्याजोगी होते, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जाते, आणि भर उन्हात तिची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. स्वयंपाकघरात उघड्या आचेवर गाळणाऱ्या माणसाला हे कोणीच सांगत नाही, यापरते बेजबाबदार काय असणार? कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. अनेक देशांत परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत इंधनासाठी परवाना मिळतो, पण तयार झालेला माल पिण्यास अयोग्य करूनच बाहेर न्यावा लागतो.

इथेनॉल हे इंधन म्हणून वाईट आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याचा ऑक्टेन अंक (दाबाखाली अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचे माप) शंभराच्या वर आहे, आणि दाबाचे गुणोत्तर वाढवलेल्या, म्हणजे हवा-इंधनाचे मिश्रण अधिक दाबणाऱ्या इंजिनात ते उत्तम चालते. जिथे सडकी फळे किंवा मळी नाहीतरी टाकूनच द्यायची आहे, जिथे एखाद्या बॉयलरची उष्णता वाया जात आहे आणि जिथे कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारे छिद्र) मोठे करून घेतलेले पाण्याच्या पंपाचे इंजिन पाणी मिसळलेले इथेनॉल चालवून घेते, तिथे परवाना काढून, घरापासून दूर, उघडी ज्योत न वापरता हा उद्योग जरूर करावा. तिथे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायचेच नसते, त्यामुळे शेवटचे पाच-दहा टक्के पाणी काढण्याचा खटाटोपही लागत नाही.