आयईएलटीएस झाली म्हणजे एलएलएमची तयारी झाली?

गेल्या पंधरा दिवसांत नाशिकमधल्या तीन पालकांनी मला एकच मेसेज पाठवला आणि विचारलं, हे खरं का? मेसेज असा: 'भारतात एलएलबी केलेल्यांना परदेशातल्या एलएलएमसाठी (कायद्याची पदव्युत्तर पदवी) वेगळी तयारी लागत नाही. आपला कायदा इंग्रजांचाच आहे. आयईएलटीएसला (इंग्रजीची परीक्षा) साडेसात आले की झालं. बाकी सगळं तिथले प्राध्यापक शिकवतात आणि वर्ष संपलं की न्यूयॉर्कची बार परीक्षा देऊन तिथंच वकिली करता येते.' घर गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या माणसाच्या हातात हा मेसेज पडतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

कायदा इंग्रजांचाच. मूळ एक आहे, पण फांद्या वेगळ्या झाल्यात आणि मुलं नेमकी तिथंच फसतात. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला, तिसऱ्या माणसाकडून आलं तरी चालतं, आधी करून झालेलं कामही धरलं जातं. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे दोन्ही चालत नाही. अमेरिकेत तर करार कायदा हा राज्याराज्याचा. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १४१ मुळे 'सुप्रीम कोर्ट काय म्हणालं?' हा पहिला प्रश्न असतो. तिथं आधी विचारायचं, 'कुठल्या राज्याचा कायदा?'

आता आयईएलटीएस. तिथं चाळीस मिनिटांत अडीचशे शब्दांचा निबंध लिहायचा असतो. लॉ स्कूलच्या पेपरात दोन पानं हकिकत देतात आणि म्हणतात, सल्ला द्या. शनिवारी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी द्राक्षांचं उदाहरण देते. हजार पेट्यांचा सौदा, चाळीस पेट्यांतल्या घडांवर डाग, खरेदीदाराने सगळाच माल नाकारला. वर्गात पहिली आलेल्या एका मुलीने तीन पानं लिहिली: कराराची व्याख्या, आवश्यक घटक, सात खटल्यांची नावं. खरेदीदाराला माल नाकारता येतो की नाही, हे शेवटपर्यंत आलंच नाही. दोष तिचा नाही. पाच वर्षं तिला अशाच उत्तरांना गुण मिळाले.

आम्ही तोच प्रश्न पुन्हा सोडवला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी संहितेचं कलम २-६०१ म्हणतं, माल कराराप्रमाणे नसेल तर खरेदीदार तो सगळा नाकारू शकतो. पण विक्रेत्याला चूक दुरुस्त करण्याची संधीही काही परिस्थितीत मिळते. आपला १९३० चा माल विक्री कायदा आधी विचारतो, मोडलेली अट मूलभूत होती की दुय्यम? चौथ्या खेपेला तिचं पहिलं वाक्य आलं: 'चाळीस पेट्यांसाठी हजार पेट्या नाकारता येतील का, हा मुख्य प्रश्न आहे.' त्यानंतर तिने विक्रेत्याची बाजूही तितक्याच ताकदीने मांडली. हे जमायला तिला अडीच महिने लागले. साडेसातचा स्कोअर तिच्याकडे आधीपासून होता.

'प्राध्यापक शिकवतात.' शिकवतात, पण तुम्ही कोर्टाचं निकालपत्र वाचून आलाय असं धरून. न सांगता नाव घेऊन विचारतात, खालच्या कोर्टाने काय ठरवलं होतं? नुसती हेडनोट, म्हणजे निकालपत्रावरचा सारांश, वाचून याचं उत्तर देता येत नाही. आणि संदर्भ न देता उतारा उचलला तर थेट शिस्तभंगाची कारवाई. अमेरिकेतला एलएलएम जेमतेम नऊ-दहा महिन्यांचा. त्यात सवयी बदलायला वेळ कुठला? म्हणून आठवड्याला एक निकालपत्र पूर्ण वाचा. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकासमोरच्या जिल्हा न्यायालयात एक सकाळ बसा, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐका आणि घरी येऊन दोन्ही एका पानात लिहा. याला पैसे लागत नाहीत.

बारबद्दल तर मेसेज धोकादायक आहे. न्यूयॉर्कचा नियम ५२०.६ आधी तुमची भारतातली पदवी तपासतो: कालावधी पुरेसा आहे का, शिक्षण कॉमन लॉचं, म्हणजे इंग्लंडमधून आलेल्या कायदापद्धतीचं, आहे का. यातली एकच बाजू कमी असेल तर एलएलएमने ती भरून निघते. पण त्यासाठी किमान २४ क्रेडिट्स आणि ठरावीक विषय लागतात, म्हणजे विषय पहिल्याच सत्रात विचार करून निवडायचे. परीक्षेबरोबरच ५० तास विनामूल्य कायदेशीर सेवाही लागते. शिवाय परवाना मिळाला म्हणजे नोकरीचा व्हिसा मिळाला असं नाही. शिक्षणानंतर कामाची मुभा साधारण १२ महिन्यांची असते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळणारी वाढ कायद्याच्या पदवीला नाही.

आणि न्यूयॉर्कची बारची मंडळी गुणपत्रकं थेट तुमच्या इथल्या विद्यापीठाकडून मागवतात. त्याचा अर्ज निघण्यापूर्वी, स्वतः जाऊन करा.