विश्रामबागवाड्यातला वर्ग मेकॉलेने बंद केला नव्हता

व्हॉट्सॲपवर एक मजकूर दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : १८३५ साली मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृतचं शिक्षण बंद पाडलं, इंग्रजांच्या विद्यापीठांत संस्कृतला थारा नव्हता, आणि पाली-प्राकृत हे विषय अलीकडे राजकारणापोटी घुसडले गेले. पुण्यात संस्कृत शिकलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

सुरुवातीलाच मेकॉलेचं भारताची स्तुती करणारं ते ‘भाषण’ असतं, २ फेब्रुवारी १८३५ ला म्हणे ब्रिटिश संसदेत केलेलं. त्या दिवशी साहेब कलकत्त्यात होते. त्या तारखेचं त्यांचं टिपण उपलब्ध आहे आणि ती स्तुती त्यात औषधालाही नाही. संस्कृत-अरबी वाङ्मयाविषयीची तुच्छता मात्र ठासून भरलेली आहे. कलकत्त्याचं संस्कृत कॉलेज मोडीत काढा, असंही त्यांनी सुचवलं होतं. पण गव्हर्नर जनरल बेंटिंकने नवी विद्यावेतनं आणि प्राच्य ग्रंथांच्या छपाईचा पैसा थांबवला; कॉलेज चालूच राहिलं. १८५१ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर त्याच कॉलेजाचे प्राचार्य झाले.

पुण्यात तर याहून सरळ मामला आहे. ६ ऑक्टोबर १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, ती पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय. १८३५ आलं नि गेलं, पाठशाळा होती तिथेच होती. १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेला जोडून पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये त्याचंच डेक्कन कॉलेज. तिथे संस्कृत शिकवायला हाउग हे जर्मन पंडित आले, मग कीलहॉर्न, तेही जर्मनच, पुढे रा. गो. भांडारकर.

आणि हे भांडारकर कोण? मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. त्यांची ‘मार्गोपदेशिका’ जुन्या घरांच्या माळ्यावर अजून सापडते. थोडं व्याकरण, मग शब्द, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात करायची वाक्यं. आधी पाठ करा, अर्थ मागाहून, ही पाठशाळेची चाल तिथे उरली नाही. बदललं असेल तर हे. ‘थारा नव्हता’ म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की १८९३ मध्ये हाच संस्कृतचा प्राध्यापक त्या विद्यापीठाचा कुलगुरू कसा झाला?

इंग्रज सरकारने कॉलेज बंद केल्याचं एक खरं उदाहरण आहे, पण ते मजकुरात नसतं. १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद झालं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं.

दार खरोखर कोणाला बंद होतं, हेही मजकूर सांगत नाही. विश्रामबागवाड्यातली पाठशाळा ब्राह्मणांच्या मुलांसाठी होती. मुंबईत शाळेत असताना आंबेडकरांना संस्कृत घ्यायची होती, ती मिळाली नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. त्यात मेकॉलेचा काही हात नव्हता.

राहिली पाली. भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत पाली आणि प्राकृतांवर स्वतंत्र व्याख्यानं आहेत. बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी कलकत्त्याची नोकरी सोडून इकडे आले, ते बडोद्याच्या सयाजीरावांनी देऊ केलेल्या महिना ५० रुपयांवर. महाराष्ट्रात राहायचं आणि बडोद्यासाठी ग्रंथ लिहायचे, एवढीच अट. १९१२ पासून ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे हार्वर्डला गेले आणि त्यांनी विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांची तुलना केली. अर्धमागधी, म्हणजे जैन आगमांची प्राकृत, म्हणाल, तर आ. ने. उपाध्ये १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ती शिकवत होते.

‘अलीकडे’ म्हणजे नेमकं कधीपासून, ते मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनीच आता सांगावं.